एकतीस नंबरची नळी

आबा, गेल्या महिन्यात मलाही शुगर निघाली. तुम्ही असता तर "आमच्या रक्ताचीच हायस, दुसरं काय निघणार?" म्हणून हसला असता आणि आईनं तुमच्याकडं डोळे वटारून बघितलं असतं. डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला होती का? मी म्हटलं, वडिलांना. ते कशानं गेले? मी म्हटलं, हार्टनं. त्यांनी एका शब्दात लिहून घेतलं आणि पुढचं विचारलं. मला अजून बोलायचं होतं, पण बाहेर पेशंटांची रांग होती. "हार्टनं" एवढ्या एका शब्दात ते बसत नाही, आबा. तुमच्या शेवटच्या बारा दिवसांत मी काय केलं, ते मी आईला निम्मं सांगितलंय, नवऱ्याला पावभर, आणि उरलेलं कुणालाच नाही. ते आज तुम्हालाच लिहून टाकते. तुम्ही वाचणार नाही म्हणूनच धीर होतोय, हेही खरं.

मंगळवार पेठेतल्या त्या दोन खोल्या मला अजून डोळे मिटून फिरता येतात. पुढच्या खोलीत तुमचं काम, मागच्या खोलीत आईची चूल आणि नंतर गॅस, आणि मधल्या उंबऱ्यावर माझी वह्या-पुस्तकं. भिजवलेल्या चामड्याचा वास भाकरीला लागायचा म्हणून आई कुरकुरायची, आणि भाकरीचा वास चपलेला लागला तर गिऱ्हाईक दुप्पट येईल, असं तुम्ही म्हणायचा. दहावीच्या सुट्टीत मी तुमच्या हाताखाली बसायला लागले. एकदा पट्टा कापताना माझी रापी घसरली आणि चामड्यावर नखाएवढी चीर गेली. मी गुपचूप तेल चोळलं, चीर दिसेनाशी झाली, जोड तयार होऊन गिऱ्हाइकाच्या हातात गेलासुद्धा. तुम्हाला कसं कळलं देव जाणे. तुम्ही सायकल काढून त्या माणसाच्या घरी गेलात, जोड परत आणलात, आणि माझ्यापुढं ठेवून म्हणालात, "तुला दिसलं हुतं न्हवं? मग बोलायचं." मारलं नाहीत, ओरडला नाहीत. दोन दिवस माझ्याशी बोलला मात्र नाहीत. मला ते मारापेक्षा लागलं.

तुम्हाला पहिला झटका आला तेव्हा मी अकरावीत होते, नव्वद सालानंतरची गोष्ट. छातीत कळ आली तरी तुम्ही हातातली शिवण संपवून मग उठला होता. शुगर त्याच वेळी सापडली. डॉक्टरांनी गूळ बंद केला तेव्हा "गूळ न्हाय खायाचा तर कोल्हापुरात ऱ्हायचं कशाला?" म्हणालात, आणि काकवीची बरणी आईनं शेजारी दिली ती तुमच्या डोळ्यांदेखत. मी बायोकेमिस्ट्री घेतली ती काही आवडीनं नव्हे. तुमच्या रिपोर्टवरचे आकडे मला वाचता यावेत, कुणी सांगेल त्याच्यावर विसंबून राहायला लागू नये, एवढीच माझी हौस होती. तुम्ही मात्र गल्लीभर सांगत फिरलात की पोरगी रक्ताची डॉक्टर होणार. मी दहा वेळा सांगितलं की डॉक्टर नव्हे, आबा. तुम्ही दहा वेळा मान हलवलीत आणि अकराव्यांदा तेच सांगितलंत.

पुढं एम.एस्सी. झाले आणि राजारामपुरीतल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागले. तिथले हार्टचे डॉक्टर माझे सर, पीएच.डी.चे मार्गदर्शकही तेच. त्यांनी एक अभ्यास काढला होता. शुगरवर एक नवी गोळी आली होती, आणि ती खाल्ली की चरबीतून निघणारा एक हार्मोन वाढतो असं बाहेरच्या देशांत दिसलं होतं. ॲडिपोनेक्टिन त्याचं नाव. हे मी तुम्हाला स्वयंपाकघरात, पाटावर बसून समजावलं होतं, आठवतंय? आई भाकरी थापत होती. मी सांगत होते की चरबी म्हणजे नुसतं साठवणीचं पोतं नाही, ती शरीरभर निरोप धाडत असते. भूक पुरे झाली हा एक निरोप, आणि रक्तवाहिन्या सांभाळा, साखर नीट वापरा हा दुसरा. पोट सुटलं की हा दुसरा निरोप थंडावतो. शुगर आणि हार्ट दोन्ही असलेल्यांच्यात तर तो फारच कमी सापडतो. गोळीनं तो वाढतो का आणि वाढला तर हार्टला बरं पडतं का, हे आम्हाला आमच्या पेशंटांत बघायचं होतं. तुम्ही पोटावरनं हात फिरवून म्हणालात, "म्हंजी हे बोलतंय व्हय? आनि मला वाटायचं गॅस हाय." आई हसून हसून भाकरी करपवून बसली. मीही हसले. त्या घरात आपण तिघं असं शेवटचं कधी हसलो असं कुणी विचारलं तर मी तोच दिवस सांगते.

पेशंट कमी पडत होते. शुगर हवी, हार्टचा जुना त्रास हवा, पण हृदय थकून अंगात पाणी साठलेलं नको. सुरुवातीला रक्त घ्यायचं, मग बारा आठवडे गोळी, मग पुन्हा रक्त. मधेच जो सोडेल तो मोजायचा नाही. मी सरांना तुमचं नाव सुचवलं, आबा. मीच. सरांनी तुम्हाला तपासलं, तुमच्या हृदयाची सोनोग्राफी बघून जरा थांबले, काठावर आहे म्हणाले, पण चालेल. मी घरी येऊन तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही काय आहे, कसलं आहे काही विचारलं नाहीत. "तुझ्या कामाला येत असंल तर घे की रक्त. माझं काय, बनतंय रोज नवं." असं म्हणून बाही वर केलीत. कागदावर सही केलीत ती न वाचता. मी वाचून दाखवायला लागले तर म्हणालात, तू वाचलंयस न्हवं, मग झालं.

दर पंधरा दिवसांनी एक फॉर्म भरायचा असायचा. वजन, दम लागतो का, पायाला सूज आहे का. बाकीच्या पेशंटांना सर तपासायचे. तुमच्या वेळी म्हणाले, तुझ्या घरचाच पेशंट, तूच बघ. मला त्याचा अभिमान वाटला, मूर्ख मी. गोळीनं शुगर झकास उतरली. वजन मात्र वाढायला लागलं. मी सरांना दाखवलं तर ते म्हणाले, या गोळीनं थोडं वाढतंच, पोटातली चरबी कातडीखाली सरकते, ते चांगलंच असतं. ते खोटं नव्हतं, पुस्तकात तसंच होतं. पण वजन पाण्यानंही वाढतं, ही गोळी अंगात मीठ आणि पाणी धरून ठेवते, आणि आधीच थकलेल्या हृदयाला ते झेपत नाही, हेही त्याच पुस्तकात पुढच्या पानावर होतं. तेही मी वाचलेलं होतं.

आणि नेमक्या त्याच महिन्यात तुम्ही स्वतःसाठी नवा जोड केलात. जन्मभर दुसऱ्यांच्या पायांची मापं घेतलीत आणि स्वतः झिजलेल्या चपला ओढत फिरलात; हॉस्पिटलात चारचौघांत यायचं म्हणून मीच भुणभुण लावली होती. भारी कातडं काढलंत, वेणी घातलीत, बघत राहावा असा जोड झाला. पण तो चावायला लागला. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल, पण आपल्याकडं नवी चप्पल चावते यात कुणाला काही वाटतच नाही. महिनाभर पाय सोलायचा, तेल पाजायचं, मग ती पायाची होते, लहानपणापासून हेच बघत आलोय. तुमच्या पायावर पट्ट्याचे वळ उठले, आईनं चपलेला तेल लावलं. पुढच्या आठवड्यात अंगठा आत जाईना, तुम्ही म्हणालात, चामडं आखडलंय. मग तुम्ही चपलेच्या दोन्ही बाजूंचे कान उसवलेत आणि सैल करून पुन्हा शिवलेत. आठ दिवसांनी पुन्हा उसवलेत. ज्या माणसाला दुकानाच्या दारातून पाय बघून माप सांगता यायचं, तो आपलं स्वतःचं माप चुकलं म्हणून स्वतःवर चिडत होता. हाताचा अंदाज गेला माझा आता, म्हणालात. मी उंबऱ्यावर बसून बघत होते. पाय वाढलाय हे त्या घरात कुणी म्हटलं नाही.

मग तो रविवार. दुपारी जेवून तुम्ही पुढच्या खोलीत भिंतीला टेकून झोपला होता. आडवं झालं की घुसमटतंय म्हणून तुम्ही आठवडाभर तसेच, चामड्याच्या गठ्ठ्याला पाठ लावून झोपत होता, आणि आम्हाला सांगत होता की पाठीला बरं वाटतंय. आई मागं भांडी घासत होती. मी तुमच्या पायाशी बसले आणि घोट्याच्या वर, हाडावर, अंगठा दाबून धरला. मनात दहा आकडे मोजले आणि उचलला. खड्डा पडला होता. तो भरून येईना. मी बघत राहिले, बघत राहिले. सूज होती. चप्पल नव्हती, चामडं नव्हतं, सूज होती. आणि माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला सांगू? बारा दिवस राहिलेत.

तीन पेशंट आधीच सोडून गेले होते. आणखी एक गेला तर हा अभ्यास उभा राहणार नाही, असं सर त्याच आठवड्यात म्हणाले होते, आणि त्या अभ्यासावर माझी पीएच.डी. होती. मी स्वतःला समजावलं की बाराच दिवस. रक्त घेऊ, गोळी बंद करू, पाणी उतरेल, कुणाला काही कळणारही नाही. पाय सुजलाय हे सांगायला मला एक फोन पुरला असता. मी उठून मागं गेले, चहा ठेवला, आणि आईला म्हणाले की आबांना चप्पल फारच चावतीया, अजून तेल लाव. दोन दिवसांनी फॉर्म भरायचा होता. पायाला सूज आहे का, याच्यापुढं मी "नाही" लिहिलं. अक्षरसुद्धा हललं नाही माझं. त्या बारा दिवसांत मी रोज तुमच्या पायाकडं बघायचे आणि रोज नजर काढून घ्यायचे. तुम्ही चालताना थांबलात की मी काहीतरी काम काढून आत जायचे. कामावर जाताना रोज वाटायचं आज सांगते, आणि राजारामपुरी आली की वाटायचं, उद्या.

दहाव्या दिवशी तुम्ही माल पोचवायला गेलात. जोतिबाच्या यात्रेआधीची घाई होती, दुकानदार माणसं पाठवून पाठवून जोड मागत होता. परत आलात आणि दारातच पायरीवर बसलात ते उठेनात. ओठ निळसर पडले होते. बोलता येईना, नुसता हात हलवत होता. मी रिक्षा आणली. रस्ताभर तुमचा श्वास ऐकत होते आणि मनात एकच घोकत होते, वाचू दे, मग सगळं सांगते, सगळ्यांना सांगते. फुप्फुसात पाणी भरलं होतं. सरांनी इंजेक्शनं दिली, गोळी बंद केली आणि तुमचे पाय दाबून बघितले. मग माझ्याकडं बघितलं. ही सूज कधीपासून आहे, असं त्यांनी तुमच्यादेखत मला विचारलं. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही मास्क बाजूला करून बोललात. "नवी चप्पल हाय सर. आनि माझी पोरगी बघती की मला. रोज बघती." सरांनी मान खाली घालून केसपेपर लिहायला घेतला. मी ते वाक्य तसंच राहू दिलं. तुम्ही मला वाचवायला बोललात की तुम्हाला खरंच तसं वाटत होतं, हे मला आजही कळत नाही. रात्री लघवी मोकळी झाली, सकाळी दम कमी झाला, तुम्ही आईकडं मिसळ मागितलीत. आईला वाटलं जिंकलो. बाराव्या दिवशी पहाटे तुम्ही गेलात. शेवटचं रक्त त्याच दिवशी घ्यायचं ठरलेलं होतं.

आईला मी वर्षभरानं सांगितलं, त्या दुपारचं, अंगठ्याचं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही तिचा. एक खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाली, "मलाबी दिसलं हुतं. तू शिकलेली, तू चप्पल म्हणालीस, म्हणून मी चप्पल धरलं." एवढंच. नंतर तिनं तो विषय कधीच काढला नाही, मला टाकून बोलली नाही, माझ्या लेकराला तिनंच वाढवलं. पण ते वाक्य माझ्याबरोबर रोज जेवायला बसतं. गोळी मीच थांबवली असती तर तुम्ही जगला असता का, हे मला ठाऊक नाही. सर म्हणाले, हृदय आधीच थकलेलं होतं, गोळी नसती तरी कदाचित. त्यांनी ते "कदाचित" फार मायेनं म्हटलं. मला ते पचत नाही, आणि त्याच्याविरुद्धही काही म्हणता येत नाही.

आणि आता जे कुणालाच सांगितलं नाही ते. अकराव्या दिवशी सकाळी तुम्हाला बरं वाटत होतं तेव्हा आई तुमच्यासाठी घरून पेज आणायला गेली होती. मी वॉर्डात आले ती नळी आणि सुई घेऊनच आले. नळीवर माझ्या अक्षरात एकतीस लिहिलेलं होतं, तुमचा नंबर. पाणी उतरवायची इंजेक्शनं चालू होती, गोळी आदल्याच दिवशी बंद झाली होती, अकरा आठवडे आणि वर सहा दिवस झालेले होते. चालतंय, असा मी हिशोब केला होता. तुम्ही मला बघून हसलात आणि न सांगता हात पुढं केलात. दोन्ही हात टोचून टोचून काळेनिळे झाले होते, तर त्यातला बरा हात निवडून पुढं केलात. "घे. बरं व्हायला रक्त लागत असंल तर घे की." मी पट्टा आवळला, शीर शोधली, नळी भरली. तुमच्या उपचाराशी त्या रक्ताचा काही संबंध नव्हता, आबा. ते माझ्या कामासाठी होतं.

सगळ्यांच्या नळ्या फ्रीजरमध्ये ठेवून एकदमच तपासायच्या असतात, म्हणजे एकसारखी तुलना होते. तुमचे दिवस झाले, पाहुणे गेले, आणि मी कामावर परत आले तेव्हा सर म्हणाले, तू राहू दे, दुसऱ्या कुणाला करायला सांगतो. मी म्हटलं, मीच करते. त्या हार्मोनबद्दल मला आता जे ठाऊक आहे ते तेव्हा नीट ठाऊक नव्हतं. हृदय थकायला लागलं की तो आपोआपही चढतो, आणि अशा माणसात तो जितका जास्त सापडतो तितकं लक्षण वाईट असू शकतं. असं का, यावर शहाणी माणसं अजून वाद घालतात. तेव्हा आमच्या लेखी वाढला म्हणजे चांगला, एवढं सरळ होतं. छोट्या छोट्या खळग्यांची प्लास्टिकची थाळी असते, प्रत्येक खळग्यात एकाचं रक्त. शेवटचा थेंब टाकला की ते पिवळे होतात. ज्याच्यात हार्मोन जास्त, तो जास्त पिवळा. दुपारची वेळ होती, खिडकीतनं ऊन येत होतं. मी थेंब टाकत गेले. तुमचा खळगा कुठला ते मला पाठ होतं, कागद बघायची गरज नव्हती. सगळ्या थाळीत तोच सगळ्यात गडद पिवळा झाला. गोळीनं काम केलं होतं. आकडा मशीननं नंतर दिला, पण डोळ्यांना आधीच दिसलं होतं, असा सुंदर रंग मी त्या अभ्यासात दुसरा बघितला नाही. आणि मला आनंद झाला, आबा. पापणी लवेपर्यंतच टिकला. पण तुम्ही जाऊन महिना झाला नव्हता, आणि मला आनंद झाला होता.